धाकटीच्या चिंचिलाचं कार्ड

प्राणी हातात आला की छटाकाकू आधी त्याच्या पाठीवर फुंकर घालतात. लहान मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालावी तशी, हलकी. चिंचिलाचे केस इतके दाट असतात की बोटांनी बाजूला करून तळ दिसत नाही. एकेका मुळातून पन्नास-साठ केस निघालेले असतात. फुंकर घातली की ते उमलतात आणि मधे एक छोटी वाटोळी विहीर तयार होते. त्या विहिरीत तीन थर दिसतात. तळाला पाटीसारखा गडद, मधे पांढरा, टोकाशी पुन्हा काळसर. हे तीन थर नीट असले आणि पोट स्वच्छ पांढरं असलं, की काकू कार्डावर लिहितात, ‘साधा राखाडी’. नसले, तर मग चष्मा पुसतात.

चिंचिला न पाहिलेल्यांना काकू सांगतात, ‘उंदराच्या कुळातला, पण सशाच्या घरी वाढलेला आणि खारीची शेपटी मागून आणलेला.’ मूळचा थंड डोंगरातला प्राणी. काकूंच्या गावाची हवा त्याला मानवली आणि पंधरा-वीस वर्षांत तो बऱ्याच घरांच्या मागच्या खोलीत जाऊन बसला. दिवसभर झोपतो, संध्याकाळी उड्या मारतो, आणि पाण्याऐवजी बारीक राखेसारख्या धुळीत लोळून अंघोळ करतो. पाळणाऱ्यांना हळूहळू त्याच्या रंगांचं वेड लागलं. बेज, पांढरा, काळा मखमली, जांभळा. आणि रंग आले तसे वाद आले, कारण ज्याच्या त्याच्या डोळ्यांना आपलं जनावर वेगळं दिसतं.

वाद मिटवायला लोक काकूंकडे येऊ लागले, याला कारण त्यांची नोकरी. काकू सत्तावीस वर्षं दोऱ्याच्या गिरणीत छटा जुळवण्याच्या खात्यात होत्या. रंगवलेल्या दोऱ्याचा प्रत्येक लॉट नमुन्याशी जुळतो की नाही, हे त्या पाहून सांगायच्या. एकट्या राखाडी रंगाचे एकशे बारा नमुने त्यांना पाठ होते, नंबरासकट. नावही तिथलंच. अंगापिंडाने काकू अगदीच चिमुकल्या असल्यामुळे गिरणीतले वात्रट लोक त्यांना ‘छटाककाकू’ म्हणायचे, आणि काकूंना ते ठाऊक होतं. ‘छटाकभर आहे, पण लॉट अडवला तर गाडीभर माल अडतो,’ असं त्या म्हणायच्या. पुढे गिरणीत रंग मोजणारं यंत्र आलं. काकूंनी महिनाभर त्याच्या शेजारी बसून त्याच्या चुका काढल्या. दुसऱ्या महिन्यात यंत्राने चुका करणं थांबवलं आणि काकू घरी आल्या.

घरी आल्यावर त्यांनी पुढची खोली रंगवली. भिंती राखाडी, पडदे नाहीत, उत्तरेच्या खिडकीखाली एक टेबल. अंगावर गिरणीतलाच राखाडी कोट, कारण रंगीत कपड्याचा उजेड केसांवर पडतो आणि नजर फसते. वेळ ठरलेली: सकाळी दहा ते बारा, आभाळ भरून आलं असेल तर नाही. प्राण्याला आदल्या संध्याकाळी धुळीची अंघोळ घातलेली हवी. केस गळायचा काळ असेल तर परत पाठवणी. काका, म्हणजे त्यांचे यजमान, त्या खोलीत पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, ‘घर आहे की ढग?’ आणि आपली खुर्ची उचलून स्वयंपाकघरात गेले. ती आजही तिथेच आहे.

कार्ड म्हणजे हाताएवढा जाड कागद. वर मालकाची खूण, खाली प्राण्याचा रंग, तारीख आणि काकूंची सही. अकरा वर्षांत अशी एकशे सव्वीस कार्डं झाली. प्रत्येकाची एक प्रत मालकाकडे आणि एक काकूंकडे, बुटांच्या खोक्यात. लोक कार्ड पिंजऱ्याला अडकवत आणि जोड्या लावताना ते पाहत. यात नुसती हौस नव्हती. काही रंग असे असतात की दोन्हीकडून आले तर पिल्लू जगतच नाही. पोटातच विरून जातं. पांढऱ्याला पांढरा जोडायचा नाही, मखमलीला मखमली नाही. जांभळ्याचं उलट. तो आई आणि बाप दोघांकडून आला तरच बाहेर दिसतो. एकाकडूनच आला तर पिल्लू दिसायला साधं राखाडी आणि जांभळा त्याच्या रक्तात गप्प बसलेला, पुढच्या पिढीची वाट पाहत. म्हणून जोडी लावणाऱ्याच्या दृष्टीने काकूंचा शब्द म्हणजे पत्रिका होती.

त्याच शब्दापायी काकू आणि त्यांची धाकटी जाऊ सहा वर्षं बोलत नव्हत्या.

घर दुमजली. खाली काकू आणि काका, वर दीर आणि धाकटी. धाकटी शाळेच्या कचेरीत कारकून. सहा वर्षांपूर्वी तिने एक मादी आणली आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी, जेव्हा काकूंच्या खोलीत सगळे पाळणारे जमतात, तेव्हा ती खाली घेऊन आली. ‘ताई, जांभळी आहे बरं का,’ ती जिन्यातूनच म्हणाली. काकूंनी फुंकर घातली, पोट पाहिलं, कानांमागे पाहिलं, आणि लिहिलं, ‘साधी राखाडी’. धाकटी म्हणाली, ‘नीट बघा की.’ काकूंनी नीट पाहिलं आणि तेच ठेवलं. त्या दिवसापासून धाकटी काकूंच्या खोलीत आली नाही.

पण एका घरात राहायचं म्हणजे बोलावं तर लागतं. मग दोघी जावा हवेशी बोलू लागल्या. काकू जिन्याखाली उभ्या राहून म्हणत, ‘वरच्या लोकांना कोणीतरी सांगा, टाकी भरून वाहतेय.’ वरून उत्तर येई, ‘खालच्यांना म्हणावं, वरच्यांना कान आहेत.’ जे हवेतून जात नसे ते दोघे भाऊ नेत. काका संध्याकाळी जिन्यात बसत, दीर वरून दोन पायऱ्या उतरून येत, आणि निरोपांची देवाणघेवाण होई. ‘आपण दोघं टपालखात्यात असतो तर एव्हाना निवृत्तिवेतन मिळालं असतं,’ असं दीर एकदा म्हणाले होते.

चौसष्टाव्या वर्षी काकूंना मोतीबिंदू झाला. तो झाला असं त्यांना वाटलंच नव्हतं. अलीकडे दिवे मंद बनवतात, अशी त्यांची तक्रार होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधी उजवा डोळा घेतला आणि डावा महिनाभराने करू म्हणाले. चौथ्या दिवशी घरी परतल्यावर काकू बराच वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

‘काय झालं?’ काकांनी विचारलं.

‘तुमचा सदरा पांढरा आहे.’

‘मग काय हिरवा असणार?’

‘मला वाटायचं साय रंगाचा आहे. चार वर्षं मी तो साय रंगाचा म्हणून धुतेय.’

मग त्या पुढच्या खोलीत गेल्या आणि परत आल्या. भिंत निळसर होती. तो रंग त्यांनी स्वतः घोटून केला होता, दोन वर्षांपूर्वी, नवा हात देताना. तो गिरणीतल्या चाळीस नंबरचा आहे, अगदी मधला राखाडी, अशी त्यांची खात्री होती.

आठवड्याभराने तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणारा एक तंत्रज्ञ आपला नर घेऊन आला. पुन्हा रंग पाहायला नव्हे. जोडी लावायची होती आणि त्याचं कार्ड भिजून गेलं होतं. काकूंना प्राणी आठवत होता: साधा राखाडी, तीन वर्षांपूर्वीचा. सवयीने त्यांनी फुंकर घातली. नंतर त्या खुर्चीत सरळ बसल्या. उजवा डोळा तळहाताने झाकला आणि पाहिलं. मग डावा झाकला आणि पाहिलं. असं चार-पाच वेळा.

‘काकू, गंमत करताय का?’ तंत्रज्ञ हसला.

डाव्या डोळ्याला प्राणी राखाडी दिसत होता. उजव्याला तो जांभळा होता. लांबून चुलीचा धूर दिसावा तसा, निळ्याकडून जांभळ्याकडे झुकलेला, डोक्यापासून शेपटीपर्यंत सारखा. त्यात शंकेला जागा नव्हती. डोळ्यातलं भिंग वयाने पिवळं पडतं, आणि पिवळं भिंग नेमका निळा आणि जांभळा खाऊन टाकतं, हे डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं. ऐकताना ते दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांबद्दल असावं असं वाटलं होतं.

‘घरी जा,’ त्या तंत्रज्ञाला म्हणाल्या. ‘जोडी लावू नकोस. मी सांगेन.’

तो गेल्यावर त्यांनी खोकं काढलं आणि कार्डं तारखेप्रमाणे टेबलावर मांडली. डोळा केव्हापासून पिवळा होत गेला, हे कोणालाच सांगता येणार नव्हतं. तीन वर्षं की सात? जेवायला हाक मारायला आलेले काका दारात थांबले. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, ‘कोणाला कळणार आहे?’

‘कळायला काय, पिल्लं होतात,’ काकू म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी एक कार्ड पुढे सरकवलं. धाकटीचं होतं. काकांनी ते हातात न घेता वाचलं आणि जिन्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दारावर कागद लागला. ‘माझ्या कार्डांवर सध्या विसंबू नये. डोळ्यांत दोष होता. सर्वांनी आपापले प्राणी पुन्हा दाखवून न्यावेत.’ खाली सही. गिरणीत चुकलेल्या लॉटवर अशीच चिठ्ठी लागायची आणि तिच्यावर कारण लिहावंच लागायचं.

त्यानंतर महिनाभर सकाळी दहा ते बारा माणसांची रीघ लागली. काकू प्रत्येक प्राणी दोनदा पाहत, एकदा जुन्या डोळ्याने, एकदा नव्या. जुन्या डोळ्याचं त्यांना काम होतं. नव्याने फक्त आजचा रंग कळत होता. तेव्हा आपल्याला काय दिसलं होतं आणि का, हे सांगणारा एकच साक्षीदार उरला होता आणि त्याचंही भिंग काढून टाकायची तारीख ठरलेली होती. काकूंनी डॉक्टरांना फोन करून ती पुढे ढकलली.

‘लोक लवकरची तारीख मागतात, बाई,’ डॉक्टर म्हणाले.

‘मला हा डोळा अजून लागणार आहे.’

‘खराब डोळा?’

‘तोच.’

डॉक्टरांनी एकदा तारीख बदलून दिली. दुसऱ्यांदा देणार नाही, असं बजावलं.

लोकांनी आपापल्या स्वभावाप्रमाणे घेतलं. गावातल्या सर्वांत जास्त जोड्या ज्याच्याकडे होत्या तो पिंजरेवाला जोरात बोलला. ‘काकू, घर बांधून झालं, आता तुम्ही म्हणताय जमीन शेजाऱ्याची!’ त्याचे अठरापैकी तीन बदलले, तेव्हा तो जाताना मुद्दाम दार हळू लावून गेला. एका शिक्षिकेने विनंती केली, ‘आमचा राखाडीच राहू द्या ना. वर्गातल्या मुलांना तसंच सांगितलंय.’ काकूंनी जांभळा लिहिला आणि म्हणाल्या, ‘मुलांना सांगा, बाईंना कळलं नव्हतं.’ ‘कुठल्या बाईंना?’ शिक्षिकेने घाबरून विचारलं. ‘मला हो, मला,’ काकू म्हणाल्या. नवं कार्ड घेऊन गेलेले काहीजण पुन्हा फिरकलेच नाहीत. रविवारी चौदा-पंधरा माणसं जमत ती सहावर आली. जांभळ्याशिवाय बाकी रंगांत चूक नव्हती. बेज बेजच राहिला, मखमली मखमलीच. तरी लोक नव्या कार्डाकडे आता उलटसुलट करून बघत, नोट पारखावी तसे. काकूंना ते दिसत होतं. उजव्या डोळ्याला सगळंच स्वच्छ दिसत होतं.

नऊ कार्डं चुकलेली निघाली. सर्वांत जुनं चुकलेलं कार्ड साडेपाच वर्षांपूर्वीचं होतं. धाकटीचं सहा वर्षांपूर्वीचं. म्हणजे ते अगदी काठावर होतं.

गावाने मात्र निकाल आधीच लावून टाकला होता. जिन्यात, दुकानात, शाळेच्या कचेरीत लोक धाकटीला थांबवून म्हणत, ‘शेवटी तुमचंच खरं निघालं!’ धाकटी म्हणे, ‘बघू.’ आणि पिशवी या हातातून त्या हातात घेऊन चालू लागे.

तिने प्राणी खाली आणला नाही. पहिला निरोप काकांनी नेला. उत्तर आलं, ‘जनावर केस टाकतंय.’ यावर बोलता येत नव्हतं. नियम काकूंचाच होता. दोन आठवड्यांनी दुसरा निरोप गेला. दीर चार पायऱ्या उतरून आले, खाली बघत म्हणाले, ‘ती म्हणते, आता म्हातारं झालंय, त्याला कशाला त्रास.’

‘नऊ वर्षांचं आहे,’ काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. ‘वीस वर्षं जगतात. आणि जिना उतरायला मी त्याला सांगत नाहीये, मीच येते म्हणावं.’

दीर वर गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले. ‘ती म्हणते, काय गरज आहे?’

काकूंनी त्याचा एकच अर्थ लावला. सहा वर्षांचा अपमान असा दोन निरोपांत फिटत नाही, धाकटीने ताणावं हे बरोबरच आहे. त्या रागावल्या नाहीत. पण शस्त्रक्रियेची तारीख जवळ येत होती आणि त्यांच्या खोक्यात एकच कार्ड तपासायचं राहिलं होतं.

आदल्या दिवशी सकाळी आभाळ मोकळं होतं. साडेदहाला काकूंनी राखाडी कोट चढवला, धुळीचा डबा काखेत घेतला आणि जिना चढायला सुरुवात केली. अठरा पायऱ्या. काका खुर्चीतून उठून जिन्याच्या तोंडाशी आले.

दार धाकटीने उघडलं. केस बांधायचे राहिले होते, हातात कंगवा. सहा वर्षांत दोघींनी एकमेकींना इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

‘ये,’ धाकटी म्हणाली. आणि मग जीभ चावल्यासारखं, ‘या ताई.’

‘उद्या माझा डावा डोळा जाणार,’ काकू म्हणाल्या. ‘म्हणजे नवा येणार. त्याआधी मला बघू दे. चूक असेल तर लिहून देते, खालच्या दारावर लावते. मोठ्या अक्षरात.’

‘ताई, नका बघू.’

‘तुझा राग मला मान्य आहे गं.’

‘रागाचं नाही.’

‘मग?’

धाकटीने कंगवा खिडकीत ठेवला. मग मागच्या खोलीत गेली आणि मादीला घेऊन आली, शेपटीच्या मुळाशी धरून, पोटाला तळहात लावून, जसं काकूंनीच तिला शिकवलं होतं. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसल्या. वरचीही ती खिडकी उत्तरेची होती; एकाच घराचे दोन मजले, उजेड तोच. त्यांनी प्राण्याला डब्यातल्या धुळीत दोन मिनिटं लोळू दिलं, झटकलं, मांडीवर घेतलं. फुंकर घातली.

डावा डोळा झाकून पाहिलं. उजवा झाकून पाहिलं. प्राणी फिरवून पाठीमागून फुंकर घातली. पोट पाहिलं. कानांमागचा केस पाहिला, जिथे रंग खोटं बोलत नाही. उठून खिडकीचं दार पूर्ण उघडलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तळाला पाटीचा रंग, मधे पांढरा, टोकाशी काळसर. दोन्ही डोळ्यांना.

चूक कबूल करण्याची सगळी तयारी करून त्या वर आल्या होत्या. वाक्यंसुद्धा ठरलेली होती. आता त्यांतलं एकही कामाचं नव्हतं. प्राणी मांडीवर बसून त्यांच्या कोटाचं बटण चघळत होता.

‘राखाडी आहे,’ शेवटी त्या म्हणाल्या. ‘साधी राखाडी. मी खोटं लिहू शकत नाही.’

‘माहीत आहे,’ धाकटी म्हणाली.

‘काय माहीत आहे?’

‘राखाडी आहे ते. पाच वर्षं झाली.’

ती पुन्हा मागच्या खोलीत गेली आणि या वेळी एक लहान पिंजरा उचलून आणला. आत दोन प्राणी, एकमेकांना टेकून झोपलेले. राखाडी.

‘हिचीच पिल्लं. बाहेरगावी माझ्या मैत्रिणीकडे जांभळा नर आहे. त्याचे आई-बाप दोन्ही जांभळे, मी स्वतः पाहिलेत. मला तुम्हाला दाखवायचं होतं, जांभळीला जांभळा दिला की सगळी पिल्लं जांभळीच होणार, मग बघू ताई काय म्हणतात. गुपचूप नेऊन आणली. दोन वेतं झाली. पाच पिल्लं.’ तिने पिंजरा टेबलावर ठेवला. ‘पाचही अशीच. तीन मैत्रिणीला दिली.’

हिशेब सोपा होता. आई जांभळी असती तर पाचांतलं एकही राखाडी होऊ शकलं नसतं. इथे डोळा लागत नव्हता, भिंग लागत नव्हतं, उत्तरेची खिडकीही लागत नव्हती. काकू ज्या प्रश्नासाठी एक खराब डोळा महिनाभर जपून ठेवून होत्या, त्याचं उत्तर त्यांच्या डोक्यावर, छतापलीकडे, पाच वर्षं गवत खात होतं.

‘खाली आली नाहीस ती?’

‘काय सांगायला येऊ? ताई, तुम्ही जिंकलात?’

‘मी काय कुस्ती लावली होती?’

‘मग चौदा माणसांत ते बोललात कशाला?’

‘काय बोलले?’

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. चेष्टा चालली आहे का, हे आधी तपासलं. मग तिला कळलं, चेष्टा नाही.

‘म्हणालात, रंग मनात असून चालत नाही, केसात असावा लागतो. सगळे हसले. तो पिंजरेवाला अजून मला बघितलं की हसतो. कार्डाचं मला काय? आठ दिवसांत विसरले असते.’

काकूंना ते वाक्य आठवत नव्हतं. त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. त्या दिवसाचा उजेड आठवत होता, प्राण्याचं पोट आठवत होतं, आधीच्या आणि नंतरच्या कार्डाचा रंग आठवत होता. वाक्य नव्हतं. गिरणीत एखादा लॉट परत पाठवताना अशी वाक्यं रोज तोंडातून जायची. रंगवणारे पुरुष हसायचे, शिवी घालायचे आणि पुन्हा पिंप ढवळायला लागायचे. घरात ते वाक्य सहा वर्षं तसंच पडून राहील, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

‘मला वाटत होतं तू कार्डावर रुसलीस,’ त्या म्हणाल्या.

‘सहा वर्षं कार्डावर कोण रुसतं, ताई?’

खाली काकांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बहुधा ते जिन्याच्या तोंडाशीच खुर्ची आणून बसले होते.

काकूंनी लहान पिंजऱ्याचं दार उघडलं, एक पिल्लू बाहेर काढलं आणि फुंकर घातली. आता ते पिल्लू कसलं, चार वर्षांचं होतं. ‘ह्यांची कार्डं कुठायत?’

‘नाही केली. कोणाकडून करणार?’

‘ह्यांच्यात जांभळा आहे. बापाचा. बाहेरून कधीच दिसायचा नाही, माझ्या ह्या डोळ्यालाही आणि त्यालाही. हे तू सांगितलंस तरच कळणार.’ त्यांनी कोटाच्या खिशातून दोन कोरी कार्डं काढली. धाकटीच्या नव्या कार्डाच्या दोन प्रतींसाठी ती आणली होती. लिहिलं: ‘दिसायला राखाडी. पोटात जांभळा, बापाकडून.’ सही केली. मग पेन धाकटीकडे दिलं. ‘तू पण कर. मी फक्त वरचं अर्धं पाहिलंय.’

धाकटीने सही केली, पण पेन परत दिलं नाही. ‘चौदा माणसांत बोललात, चौदा माणसांत परत घ्या.’

‘आठवत नाही म्हटलं ना.’

‘मी सांगते की, शब्दन् शब्द.’

दुसऱ्या दिवशी डावा डोळा झाला. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी काकू डोळ्यावर पट्टी बांधून टेबलाशी बसल्या. बातमी पसरली होती, त्यामुळे माणसं एकोणीस झाली. भिंतीला टेकून उभी होती. दोघे भाऊ दारात. धाकटी काकूंच्या शेजारच्या खुर्चीवर, हात मांडीवर बांधून. काकूंनी आधी नऊ चुकलेली कार्डं वाचली, मग धाकटीचं दहावं, जे बरोबर होतं. पिंजरेवाल्याने ‘म्हणजे पुन्हा राखाडीच?’ असं विचारून हसायला तोंड उघडलं, तेव्हा काकूंनी पट्टी नसलेल्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं.

‘त्या दिवशी मी हिला एक वाक्य बोलले होते,’ त्या म्हणाल्या. ‘ते मी परत घेते. वाक्य असं होतं, रंग मनात असून भागत नाही...’

‘चालत नाही,’ धाकटी म्हणाली.

‘काय?’

‘भागत नाही नव्हतं. चालत नाही, म्हणालात.’

‘बरं. रंग मनात असून चालत नाही. केसात...’

‘केसात असावा लागतो.’

‘हे सगळं मी परत घेते. ते म्हणायचं मला काही कारण नव्हतं. कार्ड बरोबर होतं, तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं.’

मग पिंजरेवाल्याने आपली टोपली पुढे सरकवली आणि म्हणाला, ‘माझी ही मादी बघता का? बेज आहे, पण मला वाटतं पोटात काहीतरी आहे.’

‘मी आज बघत नाही, पट्टी आहे,’ काकू म्हणाल्या. ‘हिला विचार, आई-बाप कोण होते ते लिहून घेईल.’

‘आई कोण?’ धाकटीने कार्ड ओढून घेत विचारलं. ‘आणि खरं सांगा, पिल्लं होतातच शेवटी.’